जाड कास्टिंगसाठी राइजर स्लीव्ह निवडताना: माझा अनुभव

तळोजा एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत जाड हबच्या स्टील कास्टिंगची ऑर्डर आली. मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कसा भरायचा ते ठरवणं, माझ्याकडे, त्यामुळे स्लीव्ह निवडणंही माझ्याकडेच. हबचा मोड्युलस, म्हणजे आकारमान भागिले थंड होणारा पृष्ठभाग, ६ सेंमी; तो जितका मोठा तितकं गोठणं सावकाश. राइजर म्हणजे कास्टिंग आकसताना त्याला वितळलेलं स्टील पुरवणारा साठा; तो मागाहून गोठावा म्हणून त्याचा मोड्युलस किमान १.२ पट, म्हणजे ७.२ हवा. नुसत्या वाळूत, उंची व्यासाइतकी धरली तर ३६० मिमीचा राइजर लागतो आणि त्यात अडीचशे किलो स्टील जातं. म्हणून स्लीव्ह, म्हणजे राइजरभोवती बसणारं, त्याला सावकाश गोठवणारं नळकांडं. इथवर काही अडलं नाही.

अडलं एका आकड्यावर. स्लीव्हमुळे मोड्युलस किती पट वाढतो, तो एमईएफ. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात सगळ्या व्यासांना सरसकट १.४ छापलेला. स्लीव्ह एक्झोथर्मिक, म्हणजे स्वतः जळून उष्णता देणारी. तिची उष्णता काही मिनिटांत संपते आणि आमचा हब गोठायला तासभर तरी घेणार. मग लहान राइजरचा आकडा इथे कसा चालेल? फोन केला की उत्तर ठरलेलं, "साहेब, सगळीकडे हीच जाते." मेलला उत्तर म्हणून तेच माहितीपत्रक परत. इकडे पॅटर्न शॉप खोळंबलेलं आणि परचेस नगामागचा दर घेऊन माझ्या टेबलापाशी. मला अजूनही राग येतो तो याचा, की १.४ धरून २६० मिमीची स्लीव्ह लावली असती तर श्रिंकेज, म्हणजे आकसल्याने पडलेली पोकळी, आमच्या रेडिओग्राफीत दिसलं असतं, त्यांच्या नाही.

शेवटी सेल्सला बाजूला ठेवून दुसऱ्या पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाशी थेट बोललो. त्यांनी इन्सुलेटिंग, म्हणजे नुसती उष्णता रोखणाऱ्या, स्लीव्हचा व्यासानुसार तक्ता पाठवला. आमच्या मापाला १.२५. त्या हिशेबाने २८८ येतात, मी ३०० घेतली. राइजर दीडशे किलोवर आला, हब आतून स्वच्छ निघाला. त्या दिवशी फार बरं वाटलं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी तुमच्या व्यासाचा एमईएफ लेखी मागा. नाही दिला तर तो माल नको. मोड्युलस बसला तरी राइजरमधलं स्टील आकुंचनाला पुरतंय का, हे वेगळं तपासा. ओतल्यावर राइजरचं तोंड झाकणारी हॉट टॉप पावडर वरून लगेच टाकायला हवी, नाहीतर उघड्या तोंडातून उष्णता जाते आणि स्लीव्हचा निम्मा फायदा तिथेच संपतो. कमी कार्बनच्या ग्रेडला ग्राफाइटवाली पावडर टाळा.

आणि पावसाळ्यात खोकी जमिनीवर ठेवू देऊ नका. जुलैत एक खोकं उघडलं तर स्लीव्हची कड अंगठ्याने दाबताच भुगा झाली. ओल धरलेली स्लीव्ह मोल्डमध्ये गेली की गॅस होतो, ब्लोहोल येतात. पॅलेटवर, प्लास्टिकखाली ठेवा आणि शंका आली तर वजन करून कोरड्या नगाशी ताडून बघा.