कायद्यातली पीएचडी: फीपेक्षा जड जाणारा खर्च

कायद्यात पीएचडी करायची म्हटलं की मराठवाड्यात पहिली चौकशी फीची होते. सरकारी विद्यापीठाची फी कशीबशी भरली जाते. माणूस अडतो तो नोंदणीपासून फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यावर पडेपर्यंत. शेतकऱ्याघरची मुलगी किंवा तालुका कोर्टात नुकती वकिली सुरू केलेला मुलगा टिकणार की नाही, हे याच काळात ठरतं. म्हणून निदान वर्षभराच्या खोलीभाड्याची आणि मेसची तजवीज आधी करा.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये. ती नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. या जाहिराती येतात तेव्हा मुदत थोडी असते, आणि नेमकी जात पडताळणी किंवा नॉन-क्रीमीलेअर अडकलेलं असतं. पेटचा (विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेचा) किंवा नेटचा फॉर्म भरतानाच ही कागदपत्रं काढून ठेवा. पुढेही प्रगती अहवालावर गाईडची सही उशिरा झाली की हप्ता लांबतो. नोकरी असेल किंवा वकिलीची सनद चालू असेल, तर फेलोशिपच्या अटी हमीपत्रावर सही करण्याआधी वाचा.

आता जागांचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक एका वेळी असू शकतात. कायद्याचे गाईड मुळातच कमी. परीक्षा पास होऊनही जागा नाही, हे त्यामुळे घडतं. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या रिक्त जागांच्या याद्या गाईडनिहाय आणि प्रवर्गनिहाय तपासा, आणि गाईडचा विषय पाहूनच सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहा. पीएचडी प्रवेशासाठी एलएलएममध्ये ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट आहे.

वर्गात वेगवेगळ्या घरांतली माणसं आली की विषय बदलतात, आणि कायद्याच्या संशोधनाला याची फार गरज आहे. उदाहरण बीडच्या ऊसतोड कामगारांचं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. प्रश्नावलीही कोयत्यावर बेतली, तर बाईची मजुरी, तिची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), तिचा अपघात हे सगळं नवऱ्याच्या नावात बुडतं. अशा घरातून आलेल्या संशोधकाला हे कुणी सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी प्रत्येक कोयत्यामागे दोन स्वतंत्र फॉर्म भरून घ्यावेत. दिवाळीनंतर उसाच्या फडात गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात गावात गेलात तर भेटतील म्हातारी माणसं, आणि मग कोल्हापूर-सांगलीच्या फेऱ्यांचा खर्च अंगावर येतो.

काही खर्च मात्र टाळता येतो. निकालांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर आणि इंडियन कानून या वेबसाइट मोफत आहेत, जुने प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात सापडतात. २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम पाहा आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांना एक रुपयाही देऊ नका.

शेवटच्या टप्प्यात साम्य तपासणी, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का हे सॉफ्टवेअरने पाहणं. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं आणि कायद्याचा मूळ मजकूर त्यात धरायचा नसतो. पण सॉफ्टवेअरला कलम आणि तुमचं वाक्य यांतला फरक कळत नाही. कलमं आणि निकालांतले उतारे अवतरणचिन्हांत, संदर्भासह ठेवा. वगळण्याची सेटिंग ग्रंथालयात समोर बसून लावून घ्या.

पीएचडीची मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढेही २ वर्षं मिळू शकतात, शिवाय महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. लग्न-बाळंतपणात नोंदणी रद्द झाली असं समजून घरी बसलेल्या मुलींनी आधी लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.