गॅरेजच्या दारावरचा परवाना

आमच्या गावी, कणकवली तालुक्यात, बाबांकडे एक ठासणीची बंदूक होती. परवाना शेती संरक्षणाचा. काजूच्या बागेत रानडुकरं शिरली की बाबा रात्री एखादा बार काढायचे, तोही हवेत. पण बंदूक पुसायचे मात्र दर आठवड्याला, न चुकता. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घेऊन यायचं. ती पावती देवघराच्या कोनाड्यात असायची. बंदुकीपेक्षा पावतीला जास्त जपतात, हे मी लहानपणीच पाहिलं होतं.

टूलरूमचं काम शिकून मी आधी पुण्यात आणि मग टेक्सासला आलो. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, फोर्ट बेंड काउंटीत आमचं घर आहे. दिवसा मशीन शॉपमध्ये नोकरी. तिथला एक सहकारी शेतकरी कुटुंबातला. त्याच्याकडे आजोबांची जुनी दुनळी होती, लाकडी दस्त्याला उभी चीर गेलेली. त्याच्याच रँचवर बसून मी ती चीर भरून दिली. टेक्सासमध्येही रानडुकरांनी शेतकऱ्यांना हैराण केलं आहे. इतकं, की २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. त्यामुळे घरोघरी बंदुका, आणि जुन्या बंदुका दुरुस्त करणारी माणसं कमी. एकाचं काम बघून दुसरा विचारू लागला, आणि पैसे देऊ लागला.

तिथे मी थांबलो. पैसे घेऊन नेमाने बंदुका दुरुस्त करायच्या तर अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो. एकही बंदूक विकायची नसली तरी लागतो. दुरुस्तीवाल्यालाही विक्रेत्याचाच, म्हणजे ‘टाइप ०१’ परवाना घ्यावा लागतो. हे अनेकांना ठाऊक नसतं आणि ते नकळत कायदा मोडून बसतात.

हा परवाना एटीएफ, म्हणजे बंदुकांचा कारभार पाहणारं केंद्राचं खातं देतं. त्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म ७, अवघड नाही. वय २१ पूर्ण हवं, शिक्षा झालेली नसावी, वगैरे. मी नागरिकत्व घेतलेलं आहे, पण ग्रीन कार्डवरही अर्ज करता येतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र या वाटेलाच जाऊ नये. फी २०० डॉलर, तीन वर्षांसाठी. नूतनीकरणाला ९०. बाबांच्या परवान्याचीही मुदत तेव्हा तीनच वर्षांची असायची. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची असते. ती परवानगी नव्हे, नुसती सूचना. मी ती रजिस्टर्ड टपालाने पाठवली आणि पोच जपून ठेवली.

खरी अडचण निघाली ती घराची.

अर्जात तुम्ही लेखी हमी देता की या पत्त्यावर हा धंदा करायला राज्याची किंवा स्थानिक कायद्याची आडकाठी नाही. आमचा भाग कुठल्याही शहराच्या हद्दीत नसल्याने झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात कुठला धंदा चालेल याचा, प्रश्न नव्हता. पण घरमालकांची संघटना होती, जिला इथे सगळे एचओए म्हणतात. घर घेताना सही केलेली तिची नियमावली मी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. घरगुती व्यवसाय चालेल, पण त्यासाठी घरी गिऱ्हाईक येता कामा नये, असं त्यात स्पष्ट होतं. मला वाटलं, ठीक आहे, मीच लोकांकडे जाऊन बंदुका आणीन आणि पोचवीन. केंद्राचे नियम उघडले, तर त्यात नेमकं उलट. ज्या राहत्या घराचा कुठलाच भाग लोकांसाठी खुला नाही, ते घर धंद्याची जागा म्हणून मान्यच होत नाही. एक म्हणतो कुणी येऊ नये, दुसरा म्हणतो कुणीतरी येऊ शकलं पाहिजे.

पाच महिने गेले त्यात. संघटनेच्या मंडळासमोर मी दोनदा उभा राहिलो. पहिल्या वेळी एका सदस्याने मला बोलूही दिलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि अजूनही वाटतं की ऐकून घ्यायला हवं होतं. पण शेजारणीचं म्हणणं मनाला लागलं. ती म्हणाली, “माझी मुलं तुझ्या दारासमोर सायकल चालवतात. अनोळखी माणूस बंदूक घेऊन गाडीतून उतरला तर मी काय समजायचं?” तिचा प्रश्न रास्त होता. दुसऱ्या वेळी मी उत्तर लिहून नेलं: फक्त वेळ ठरवून, एका वेळी एकच माणूस, बंदूक रिकामी आणि बंद पेटीत, गाडी थेट ड्राइव्हवेवर, फलक नाही, काडतुसं माझ्याकडे आणायचीच नाहीत. मंडळाने या अटींवर लेखी संमती दिली. वेळ ठरवून येणारं गिऱ्हाईक केंद्राच्या नियमालाही चालतं.

भाड्याच्या घरात असाल तर हीच लेखी संमती घरमालकाकडून घ्या. आणि अर्जाच्या आधी घ्या. २०० डॉलर भरून मग घरमालकाचा नकार ऐकलेले लोक मला माहीत आहेत.

घरातली संमतीही सोपी नव्हती. फोनवर आई म्हणाली, “घरात लोकांच्यो बंदुको ठेवतलस? पोरां आसत मा घरात!” बायकोने तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, आणि अट घातली की गॅरेजमधून घरात उघडणारं दार कायम कुलूपबंद राहील. मी पोलादी तिजोरी आणली, जमिनीच्या काँक्रीटला बोल्टने जखडली. केंद्राचा कायदा दुरुस्तीवाल्याला अशी तिजोरी सक्तीची करत नाही. माझ्या मते करायला हवी.

मग अर्जासोबत द्यायचे बोटांचे ठसे. टूलरूममध्ये वीस वर्षं कानस आणि कूलंट हाताळलेल्या माणसाची बोटं गुळगुळीत होतात. माझं कार्ड परत आलं: ठसे वाचता येत नाहीत. आठवडाभर रात्री झोपताना हाताला खोबरेल तेल लावलं, शॉपमध्ये हातमोजे घातले आणि पुन्हा दिले. यावेळी चालले. कारागिरांनी हे आधीच करावं.

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायद्यात आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफ केंद्रात पार्श्वभूमी तपासली जाते आणि मग स्थानिक कार्यालयातून तपासनीस घरी येतात. आमच्याकडे आलेल्या बाई अडीच तास बसल्या. एचओएचं पत्र वाचलं, तिजोरी हलवून पाहिली, दरवाजाची कडी पाहिली. धंद्याच्या वेळा मी गुरुवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ लिहिल्या होत्या. “या वेळेला तुम्ही खरंच घरी असता ना?” असं त्यांनी दोनदा विचारलं, कारण त्या वेळांत, वर्षातून एकदा, वॉरंटशिवाय येऊन वह्या तपासायचा त्यांना अधिकार आहे. मोठ्या दुकानासारख्या भरगच्च वेळा लिहू नका.

पण त्यांचा सगळा भर वहीवर होता. इथे तिला बाउंड बुक म्हणतात. डाव्या बाजूला आवक: तारीख, बनवणारा, मॉडेल, नंबर, प्रकार, कॅलिबर, कुणाकडून आली. उजव्या बाजूला जावक. आवक पुढच्या कामाच्या दिवसाअखेर लिहिलेली हवी, जावक सात दिवसांत. गिऱ्हाईक थांबलं असताना काम करून त्याच दिवशी बंदूक परत दिली तर नोंद लागत नाही. रात्रभर माझ्याकडे राहिली की लागते. त्या म्हणाल्या, “एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली आणि माग काढणाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, तर २४ तासांत उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर तुमच्या डोक्यात असून उपयोग नाही, या पानावर हवं.” चोरी झाली किंवा बंदूक हरवली तर ४८ तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवायचं. धंदा बंद केला तर या वह्या मार्टिन्सबर्गला पाठवायच्या. एकेक नियम वाचून दाखवत त्यांनी माझ्या सह्या घेतल्या. मला ठाण्यातले ते जुने हवालदार आठवले, बाबांच्या बंदुकीचा नंबर पुन्हा पुन्हा नळीवरून वाचून रजिस्टरात उतरवणारे.

परवाना साध्या टपालाने आला. तो काचेच्या चौकटीत गॅरेजच्या दाराशी लावला आहे.

पहिली नोंद त्या सहकाऱ्याच्याच दुनळीची. दस्त्याचं काम पुन्हा निघालं होतं. १९६८ च्या आधीच्या कित्येक बंदुकांवर नंबरच नसतो, हिच्यावरही नव्हता. तो रकाना रिकामा सोडायचा नाही, नंबर नसल्याचं लिहायचं. ते लिहिताना माझा हात थरथरत होता.

परीक्षा झाली ती तिसऱ्या महिन्यात. एका वयस्कर शेतकऱ्याची रायफल तयार होती. शनिवारी दारात आला त्याचा मुलगा. वडिलांचा पाय मोडलाय, म्हणाला, पैसेही आणलेत. दुरुस्त झालेली बंदूक ज्याने आणली त्यालाच परत देताना फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याने स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरावा लागत नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची तर भरावा लागतो, ओळखपत्र तपासावं लागतं आणि एफबीआयकडे पार्श्वभूमी विचारावी लागते. मी त्याला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या: तू फॉर्म भर, नाहीतर वडिलांना येऊ दे. तो चिडला. “तुम्ही मला ओळखता,” म्हणाला. ओळखत होतोच, डुकरांच्या शिकारीचे फोटो त्याने मला दाखवले होते. मी रायफल तिजोरीतून काढली नाही.

तीन आठवड्यांनी म्हातारा कुबड्या घेऊन स्वतः आला. गाडीतून उतरायलाच त्याला पाच मिनिटं लागली. मुलगा मागे उभा होता, काही बोलला नाही. म्हाताऱ्याने दस्त्यावरून अंगठा फिरवला, चिरेची जागा शोधली, त्याला सापडली नाही. मी वही उघडली, उजव्या बाजूला तारीख टाकली, त्याचं नाव लिहिलं, आणि मागितली नसतानाही त्याला एक पावती करून दिली.