मॉनिटरवर 99 आणि आजी उठेना

दिवाळी झाली, पहाटेचा गारठा सुरू झाला की आमच्या वॉर्डात दम लागलेल्या पेशंटची रांगच लागते. सावनेर, उमरेड, काटोलकडून म्हातारी माणसं येतात, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून श्वास ओढत. त्यातल्या कितीतरी बायांनी आयुष्यात कधी बिडीला हात लावलेला नसतो, पण चाळीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकलेली असते आणि त्या धुरानंही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार, होतो हे घरच्यांना काही केल्या पटत नाही.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक आजी होती. नाकात नळी, 1 लिटरवर ऑक्सिजन, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 89-90 टक्के. डॉक्टरांनी फाइलवर स्पष्ट लिहिलं होतं, 88 ते 92 ठेवा. रात्री दोनच्या राउंडला गेले तर मॉनिटरवर 99. मुलगा शेजारी स्टुलावर बसलेला, खूश. म्हणतो, "सिस्टर, आता मस्त झोपून राहिली माय, नंबर बी चांगला आला." फ्लोमीटरकडे, म्हणजे ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणाऱ्या नळीकडे, बघितलं तर आतली गोळी 6 लिटरवर. कोरोनापासून घराघरात ऑक्सिमीटर आलं आणि 95 च्या खाली गेलं की माणूस जातो हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, त्यामुळे त्या बिचाऱ्यानं 89 बघून मायेपोटी नॉब फिरवला होता.

आजीला हाक मारली, हूं नाही की चूं नाही. खांदा हलवला तर डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. हात गरम, घामट. मी नाडी बघतेय असं दाखवत मनगट धरलं आणि छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले (पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून ही सवयच आहे). संध्याकाळी 28 होते, आता 10, तेही उथळ. ती झोप नव्हतीच, कार्बन डायऑक्साइड चढला होता.

असं का होतं ते सांगते. सीओपीडीत फुफ्फुसाचा जो भाग खराब झालेला असतो तिकडे शरीर रक्तच कमी पाठवतं, चांगल्या भागाकडे वळवतं. बाहेरून भरमसाठ ऑक्सिजन दिला की ही सोय मोडते, रक्त परत खराब भागात फिरायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय काहींचा श्वासही मंदावतो. मॉनिटरच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, बोटाला लावलेला चिमटा फक्त ऑक्सिजन सांगतो.

अशा वेळी घाबरून ऑक्सिजन एकदम काढायचा नसतो, सॅच्युरेशन झपकन खाली येतं. डॉक्टरांना फोन केला, डोकं वर करून बसतं केलं, व्हेंच्युरी मास्क (ठरलेल्या प्रमाणातच ऑक्सिजन देणारा) लावला, आमच्याकडचा निळा, 24 टक्क्यांचा. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) काढली, कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच होता, मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लागलं. पहाटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मी तिथेच, मास्क नाकाच्या हाडावर रुततो तिथे कापसाची घडी ठेवायची, हवा कुठून सुटते ते बघायचं, आजी नावानं ओ देते का ते बघायचं. मुलगा कोपऱ्यात रडत होता, "माझ्यानंच झालं न सिस्टर?" त्याला काय बोलणार, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फाइलवर लिहिलेलं फाइलमध्येच राहिलं, हे आमचं चुकलं, माझंही.

सात वाजता आजीनं डोळे उघडले आणि हातानं कपाची खूण केली. चहा पाहिजे.

त्या दिवसापासून मी सीओपीडीच्या प्रत्येक बेडवर फ्लोमीटरला ल्युकोप्लास्टची पट्टी लावते, त्यावर पेननं लिटर लिहिते, खाली "88 ते 92 ठीक आहे" असं लिहिते आणि नातेवाइकांकडून ते मोठ्यानं वाचून घेते. आणि दम वाढला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळे वाटले किंवा पेशंट नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागला तर नॉबला हात न लावता मला हाक मारा म्हणते, रात्री तीनलाही मारा. आजी घरी गेली तेव्हा मुलगा तीच पट्टी सोलून सोबत घेऊन गेला, घरच्या मशीनला लावायला.