उरलेले ८ प्रवासी

महोत्सवी अंकासाठी आठवणी मागवल्या आहेत. फळा, मधली सुट्टी, छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी प्राथमिकच्या मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतो, तेव्हा आपल्या शाळेच्या आजच्या शिक्षकांच्या कामी येईल तेवढंच लिहितो: वर्गातलं विशेष बुद्धीचं मूल ओळखावं कसं आणि त्याला द्यावं काय.

चौथीत एक गणित घालून पाहा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. डबे १४, प्रवासी ४००. एका डब्यात किती? अभ्यासू मूल २८ लिहितं, बाकी ८ मांडतं, उत्तराखाली दोन रेघा मारून वही मिटतं. दुसरं एखादं मध्येच अडतं: "बाई, ते ८ जण उभे होते का? की सगळे डबे सारखे नव्हतेच?" याच्या वहीत भागाकार अर्धवट आणि अक्षर किरटं. नंबर पहिल्याचा येतो. नोंद दुसऱ्याची करायची.

शिक्षकांनी केलेल्या हुशार मुलांच्या यादीत नीटनेटकी, गप्प बसणारी, घरी प्रमाण मराठी बोलणारी मुलं आपसूक वर जातात. वागळे इस्टेटमधल्या चाळीतलं, घरी भोजपुरी बोलणारं मूल खाली राहतं. म्हणून रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी बरी: ३६ आकृत्या, वाचन-लेखन नाही, साधारण ५ ते ११ वयासाठी. पण तिच्या एकटीच्या भरवशावर नाव खोडू नये. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९२१मध्ये अभ्यासासाठी बुद्ध्यंकावरून हुशार मुलं निवडली, तेव्हा शॉकली आणि अल्वारेझ गाळले गेले. दोघांनाही पुढे भौतिकीचं नोबेल मिळालं. शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी तर बरीचशी तयारीचं माप. आणि तोंडी भराभर सांगणारं, लिहिताना अडखळणारं मूल दिसलं, तर 'आळशी' म्हणण्याआधी तीच उत्तरं तोंडी घ्या आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीची, तपासणी सुचवा.

मूल सापडलं, पुढे काय? नवं प्रकरण शिकवण्याआधी त्यातली सगळ्यात अवघड ५ गणितं, ज्याला हवी त्याला, १५ मिनिटांसाठी द्या. ४ बरोबर आली आणि रीत सांगता आली, तर सरावातून सूट. इथेच बहुतेकांचं चुकतं. २०च्या जागी ४० गणितं देतात. आठवड्याभरात पोरगं शहाणं होऊन मुद्दाम रेंगाळायला शिकतं. नाहीतर रोज त्यालाच मागच्या बाकावरच्यांना शिकवायला बसवतात. फुकटचा मदतनीस!

त्यापेक्षा पावसाळ्यात एकच प्रश्न तीन आठवडे द्या: शाळेच्या गच्चीवर किती लिटर पाणी पडतं? टेपने लांबी-रुंदी घ्यायची. सपाट बुडाची, सरळ कडांची बरणी उघड्यावर ठेवून रोज एकाच वेळी पट्टीने पाणी मोजायचं आणि बरणी रिकामी करायची. निमुळती बाटली घेतली किंवा बरणी झाडाखाली ठेवली की आकडे बिघडतात. का बिघडले, ते मुलालाच शोधू द्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, हेही आधी सांगू नका.

अशा मुलाबद्दल जे दिसेल ते तारीख घालून दोन-दोन ओळींत लिहीत गेलं की वर्षाला मुलामागे एक पान होतं. ते जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या बाईंकडे गेलं नाही, तर सूट बंद आणि ४० गणितं पुन्हा सुरू. प्रगतिपुस्तकात याला रकाना नाही. पान टाचणीने जोडावं लागतं.