खान्देशात देव पाण्यापाशी: पाटणादेवी ते प्रकाशा, सहा दिवस

आई-बाबा काशी करून आले त्याला अकरा वर्षं झाली. घरी मावंदं झालं, गंगेचे गडू भाऊबंदांत वाटले, एक गडू देव्हाऱ्यात राहिला. काशी झाली की प्रकाशाला जाऊन उत्तरपूजा करायची, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आमच्याकडे मानतात. ते 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत राहून गेलं आणि मग बाबाच गेले. यंदा कोजागिरी झाल्यावर आई म्हणाली, "तो गडू घे आणि मला प्रकाशाला ने."

नाशिकहून प्रकाशा एका दिवसात गाठता येतं. पण आईचं माहेर चोपडा तालुक्यातलं आणि तिथून लग्न होऊन निघाल्यावर तिने स्वतःचाच खान्देश धड पाहिला नव्हता. म्हणून ठरवलं की चाळीसगावकडून शिरायचं, तापी ओलांडायची आणि सातपुड्याच्या कडेकडेने प्रकाशाला पोचायचं. गाडी, मी, आई आणि गाडी चालवायला माझा भाचा. सहा दिवस, पाच मुक्काम.

कुठे कुठे थांबायचं ते वहीत लिहीत होते तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणारा हा मुलुख, आणि इथला जवळजवळ प्रत्येक जुना देव पाण्यापाशी बसलेला आहे. कुठे डोंगरातला ओढा, कुठे कमळांचं तळं, कुठे दोन नद्यांचा संगम, कुठे गरम पाण्याचा झरा. आपल्या जुन्या माणसांनी आधी न आटणारं पाणी शोधलं आणि मग तिथे देव मांडला, असं मला या प्रवासात मनापासून पटलं. म्हणून पहिला सल्ला हाच, की पाणी असताना या. दसरा ते संक्रांत हा काळ सगळ्यात चांगला. धबधबेच पाहायचे असतील तर श्रावण-भाद्रपद, पण मग काळ्या मातीच्या आडरस्त्यांवर गाडी घालू नका, चाकं रुततात. एप्रिल-मे मध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन येऊच नका.

पहिला मुक्काम चाळीसगाव. रेल्वेने येणाऱ्यांनाही हेच सोयीचं, मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शन आहे. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा हा भाग, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडून आत जायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. आम्ही सकाळी सातला निघालो ते बरं झालं. तिन्ही बाजूंनी सह्याद्रीचे कडे, मधे झाडी, ओढ्याला अजून घोट्याएवढं पाणी आणि उंच जोत्यावर चंडिकेचं काळ्या दगडाचं देऊळ. आईने ओटी भरली आणि मंडपातल्या खांबाला टेकून बराच वेळ नुसती बसून राहिली. गार दगड, पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला सगळं देऊळ जणू आमच्यासाठीच मोकळं होतं.

पण पाटणला केवळ देवीसाठी जाऊ नका. 'लीलावती' आणि 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या घराण्याशी हे गाव जोडलेलं आहे. त्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. हे सांगणारा शिलालेख इथल्या देवळात आहे. तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इथल्या निकुंभ राजांनी मठाला दिलेलं दान त्यात आहे. बराचसा लेख संस्कृत, पण पेठेत माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिला, हा व्यवहाराचा भाग चक्क मराठीत! व्यापाऱ्यांना कळायला हवं म्हणून असेल. आठशे वर्षांपूर्वी या जंगलाच्या तोंडाशी बाजारपेठ होती आणि तिच्या उत्पन्नावर पोरं गणित शिकत होती. भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो त्या दगडासमोरून हलेना.

पायांत बळ असेल तर अख्खा दिवस इथेच द्या. झाडीतलं हेमाडी महादेवाचं देऊळ, केदारकुंड, धवलतीर्थ, नागार्जुनाची लेणी हे सगळं पायवाटांवर आहे. वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची, पैठणच्या व्यापाऱ्याच्या दानाचा उल्लेख असलेली. तिथे सोपी वाट कन्नडच्या बाजूने आहे. इकडून चढायचं तर गावातला माणूस सोबत घ्या. आम्ही आईमुळे खालूनच परतलो.

दुपारी वाघळी. चाळीसगावहून कजगावकडे जाताना लागतं आणि बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. तसं करू नका. मुधाईदेवीचं पडकं देऊळ आहे, कोरीव खांब अजून ताठ उभे आहेत. गावातल्या दुसऱ्या देवळात शके ९९१ चा, म्हणजे १०६९ सालचा शिलालेख आहे. अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास काढाच.

एरंडोलपासून दहाएक किलोमीटरवर पद्मालय. रस्ता सागाच्या झाडीतून चढतो आणि वर अचानक कमळांनी भरलेलं तळं. देवळात एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली, कमळं मिटलेली. कमळं पाहायची तर सकाळीच या, माझं इथे चुकलं. चतुर्थी, त्यातून अंगारकी असेल तर टाळा. जवळच भीमकुंड आहे, भीमाने बकासुराला मारलं ती जागा म्हणून दाखवतात. अंधार पडायला लागला म्हणून आम्ही गेलो नाही. मुक्काम जळगाव. राहायला सगळ्या खान्देशात इथेच सगळ्यात जास्त सोयी आहेत.

तिसऱ्या दिवशी मुक्ताईनगर. पूर्वीचं एदलाबाद. कोथळीला मुक्ताबाईचं जुनं देऊळ आहे. १२९७ साली तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, ही कथा आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. त्या दिवशी तिने ती देवळातच पुन्हा सांगितली आणि शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायकांनीही ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली. तिथून चांगदेव गावी गेलो. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ. चौदाशे वर्षांच्या योग्याने ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि 'इतकी वर्षं जगून कोराच राहिला' असं मुक्ताई म्हणाली, ते हे चांगदेव (पाटणचा ज्योतिषी चांगदेव वेगळा). म्हातारा शिष्य आणि कोवळी गुरू, दोघांची ठिकाणं एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत, आणि दोन्ही एकाच दिवशी केली की ती कथा नीट आत उतरते.

देवळाच्या बाहेरचं कोरीवकाम सावकाश, भोवती फिरून पाहा. पुढे हतनूर धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. थंडीत या पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात, दुर्बीण असेल तर घ्या. संगमावर होड्या मिळतात, पण अंगात घालायला लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका, पाणी खोल आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडे मोठी यात्रा असते. गर्दीची सवय असेल तर तेव्हा या, शांतपणे दर्शन हवं असेल तर नको.

भुसावळवरून तापी ओलांडली आणि मुलुख बदलला. यावल तालुक्यात दोन्ही बाजूंना केळी, मैलोन् मैल, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता हा या प्रवासाचा कणा आहे. रावेर, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा ही गावं त्याच्यावर ओवलेली आहेत. कुठूनही उजवीकडे वळलं की पंधरा-वीस किलोमीटरवर डोंगर. हिवाळ्यात केळीचे ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या रात्री बिनदिव्याच्या असतात, म्हणून सूर्य मावळला की गाडी चालवू नका.

यावलला मुक्काम केला. चौथ्या दिवशी सकाळी आडगावजवळची मनुदेवी. खान्देशातल्या कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत, आईच्या माहेरचंही. कड्याखाली देऊळ आणि मागे धबधबा. कोजागिरीनंतर तो दोरीएवढा राहिलेला, तरी खालचं कुंड भरलेलं होतं. दगडांवर शेवाळ आहे. पावसाळ्यात वर पाऊस झाला की ओढ्याला लोंढा येतो, तेव्हा धारेखाली जायचा मोह टाळा. माकडं हातातला प्रसाद ओढतात, म्हणून नारळ पिशवीत झाकून न्या. आईने तिथे माहेरची म्हणून वेगळी ओटी भरली. तिच्या आईने तिला शेवटचं इथे आणलं होतं, लग्नाच्या आदल्या वर्षी.

पुढे अडावदजवळ उनपदेव, गरम पाण्याचा झरा. गोमुखातून पाणी पडतं आणि कुंडात साठतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उनपदेव दोन आहेत, एक चोपडा तालुक्यात आणि दुसरं शहाद्याकडे. भाच्याने फोनवरच्या नकाशात नाव टाकलं आणि नकाशा आम्हाला थेट नंदुरबार जिल्ह्यात घेऊन निघाला. एका रसवंतीवाल्याने थांबवून सांगितलं, नाहीतर दुपार गेली असती. नाव टाकताना तालुका टाका, आणि चौकात एकदा माणसालाही विचारा. आईने गुडघे बुडवून पाऊण तास काढला. बायकांनी बदलायचे कपडे आणि आडोशाला एखादी चादर सोबत ठेवावी.

रात्री चोपड्याला मावशीकडे. पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजलेली वांगी, लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचलेलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. हे भरीत शहरातल्या हॉटेलात मिळतं तसं नसतं, पऱ्हाट्यांच्या धुराची चव त्यात उतरलेली असते. तुमचं इथे कुणी नसेल तर हिवाळ्यात जळगाव-भुसावळकडे भरीत विकणारी छोटी केंद्रं असतात, तिथून घ्या. महामार्गावर शेवभाजी सगळीकडे मिळते, पण तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

पाचवा दिवस तोरणमाळचा. शहाद्यापासून घाट चढत जवळपास पन्नास किलोमीटर, वळणं अवघड, म्हणून आईला पुढच्या सीटवर बसवलं. शहाद्यातच टाकी भरून घ्या, रोख पैसे काढून घ्या, आणि वर फोन लागेल असं धरून चालू नका. बसही जाते, पण फेऱ्या मोजक्या. समुद्रसपाटीपासून ११४३ मीटर उंचीवर यशवंत तलाव, काठाला गोरखनाथाचं देऊळ, थोडं पुढे मच्छिंद्रनाथाची गुहा. नाथपंथीयांचं हे जुनं ठाणं. सीताखाईच्या कठड्यावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, लहान मुलांचा हात सोडू नका. रात्री चांगली थंडी होती, स्वेटर लागतोच.

याच सातपुड्यात शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला. शंभर वर्षांहून जास्त काळ तो संपला असंच समजत होते. हे घुबड दिवसा वावरतं, म्हणून सकाळी झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहिलो. आम्हाला दिसलं नाही. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारे लोक असतात. कृपा करून ते करू नका, उरलेल्या थोड्या जोड्या त्याने बिथरतात. पाड्यांवरच्या पावरा आणि भिल्ल माणसांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नका. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळं घेऊन बसलेल्या असतात. घासाघीस न करता घ्या, डोंगर उतरून आणलेली असतात.

सहाव्या दिवशी प्रकाशा, शहाद्यापासून तासाभराच्याही आत. तापीला इथे गोमाई मिळते. मुलताईहून निघालेली ही ७२४ किलोमीटरची नदी बंधाऱ्यामुळे इथे भरून, संथ पसरलेली आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी महादेवाची देवळं काठाने आहेत, आणि सिंहस्थात जिथे यात्रा भरते ते गौतमेश्वरही. दक्षिणकाशी म्हणतात ती याचसाठी. उत्तरपूजा करायची असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा, दक्षिणा आधी बोलून घ्या, साहित्य गावात मिळतं. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, एकीकडून हाताला धरून उतरवावं लागतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते, तेव्हा या सगळ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तो आठवडा ध्यानात ठेवा.

गडूचं झाकण डाक देऊन बंद केलेलं. गुरुजींनी ते हलकेच उचकटलं. अकरा वर्षांनी पाणी तसंच होतं, स्वच्छ. केदारेश्वराच्या पिंडीवर ते ओतताना आईने बाबांचं नाव घेतलं, गोत्रासकट, मोठ्याने. मग घाटावर येऊन रिकामा गडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तापीच्या पाण्याने भर." मी खालच्या पायरीवर उतरून भरला. नाशिक येईपर्यंत तो तिने मांडीवरच धरून ठेवला होता.