डाय बिघडली की तापलीच नाही? आमची वाटचाल

आमच्या शेडवर पाटी ‘डाय मेकर्स’ अशी आहे. डाय म्हणजे वितळलेलं शिसं ओतायचा, दोन अर्धांचा धातूचा साचा. पण नवीन डाय करून विकण्यावर आमचं पोट आता फारसं चालत नाही. ते चालतं दुसऱ्यांच्या ‘बिघडलेल्या’ डाय बघण्यावर. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त डाय बिघडलेल्याच नसतात.

बेळगावात ओतकाम म्हटलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड. उद्यमबागेत शिरलात की पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, मोटारीचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या आणि त्यांच्या जोडीला हायड्रॉलिक्सवाले. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरुवात त्यांच्याच पॅटर्न आणि टूलरूमच्या कामांवर केली. एक लेथ, एक जुनं मिलिंग, जागा भाड्याची. मोठ्या कारखान्यांची बिलं मिळायला महिनोन्‌महिने लागायचे. त्यात एक बॅटरी दुरुस्तीवाला टर्मिनल ओतायची डाय करून मागायला आला, रोख पैसे देऊन गेला, आणि अण्णांना शिसं आवडायला लागलं. त्याच्यामागून चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं करणारे आले. मग आंबोली घाटाच्या खालून, वेंगुर्ला-मालवणकडून, जाळ्याला लावायची वजनं ओतणारे यायला लागले.

शिसं 327 अंशांवर वितळतं. घरच्या शेगडीवर पळीतलं शिसंही पातळ होतं, म्हणून सगळ्यांना वाटतं यात काय अवघड आहे. अवघड ते पुढेच.

मालवणचे एक काका डाय पोत्यात गुंडाळून घेऊन आले. तक्रार अशी, की वजनांवर सुरकुत्या पडतात, कडा भरत नाहीत, दुसरी करून द्या. आम्ही डाय उघडून बघितली. कॅव्हिटी, म्हणजे शिसं भरायची आतली पोकळी, चकचकीत, दोन्ही अर्ध जुळवणाऱ्या डॉवेल पिना घट्ट, तोंड बरोबर मिटतंय. फक्त आत तेलाचा पातळ हात होता. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून त्यांनी लावलेला. तेल शिशाच्या उष्णतेनं जळतं, त्याचा वायू होतो, आणि तो शिशाला कॅव्हिटीच्या भिंतीला टेकूच देत नाही. डाय थंड असली तरी सुरकुत्या तशाच दिसतात, म्हणून कारण ओळखताना माणूस फसतो. डाय थिनरनं पुसली, कोरडी केली, भट्टीच्या काठावर तापत ठेवली आणि त्यांचंच शिसं त्यांच्यासमोर ओतलं. पहिले काही नग सुरकुतलेलेच आले, ते परत कढईत टाकले. मग एकेक नग पिनेवरून गुळगुळीत निसटायला लागला. काका म्हणाले, “म्हंजे डाय बरीच आसा!” नवीन डायची ऑर्डर हातची गेली, पण त्या बंदरावरचे बाकीचे लोक त्यांच्यामुळेच आमच्याकडे आले.

त्यानंतर आम्ही बघण्याचे पैसे घ्यायला लागलो. अण्णांना ते पटत नव्हतं. “बगितल्याचं काय पैसं घेतोस गा?” असं ते बरेच दिवस म्हणत होते. पण एखादी डाय नीट बघायला अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस लेथ उभा असतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे नगाच्या कडेला येणारी पापडी. लोक म्हणतात डाय झिजली. बहुतेक वेळा तोंडावर शिशाचा एक कण चिकटलेला असतो आणि तेवढ्यानं दोन्ही अर्ध फाकतात. डाय उजेडाकडे धरून मिटा, फट दिसते. तो कण डाय गरम असताना लाकडाच्या काडीनं पुसला की जातो. पण माणसाच्या हाताशी कानस असते, आणि मग खरंच डाय जाते. कानस मारलेलं तोंड पुन्हा सपाट घासायला सरफेस ग्राइंडरवर घ्यावं लागतं. त्यात कॅव्हिटी उथळ होते, मापं बदलतात. आमच्याकडे खऱ्या दुरुस्तीला येणाऱ्या डायमध्ये अशाच जास्त.

कडा गोल येत असतील तर आधी व्हेंट बघायचे. तोंडावर केसाएवढ्या बारीक रेघा असतात, त्यांतून हवा जाते, शिसं जात नाही. काजळी आणि मैल बसून त्या बुजतात. काजळीचा पातळ थर कॅव्हिटीला द्यायची जुनी रीत चांगली आहे, नग सुटतो. पण लोक पणतीवर धरून डाय काळीकुट्ट करतात. उलट नग पांढरट, दव पडल्यासारखा दिसला तर डाय जास्त तापली. जाळ्याच्या वजनाला त्यानं काही बिघडत नाही, थोडं थांबून ओता.

आणि मग भंगार. चाकांची जुनी वजनं स्वस्त मिळतात, पण त्यांत आता जस्ताचीही असतात. जस्त 419 अंशांवर वितळतं आणि शिशापेक्षा बरंच हलकं असतं. म्हणजे आच 419 अंशांच्या आत ठेवली तर जस्ताचे तुकडे अख्खेच वर तरंगतात, झाऱ्यानं काढून टाकता येतात. आच वाढवली की ते शिशात मिसळतं आणि कढईत आंबील होते. ते कुठल्याच डायमध्ये धड भरत नाही. चांगल्या शिशात थोडं कथील टाकलं तर कडा सुरेख भरतात. अँटिमनीनं नग कडक होतो. कथील महाग, त्यामुळे सांगितलं तरी कोणी टाकत नाही.

एका गिऱ्हाइकाचा अमेरिकेतला पुतण्या छंद म्हणून नेमबाजीसाठी गोळ्या घरी ओततो. त्यानं व्हिडिओ कॉलवर आपली डाय दाखवली. ॲल्युमिनियमची, दोन कॅव्हिट्यांची, आणि गोळ्यांवर त्याच सुरकुत्या. ॲल्युमिनियम लवकर तापतं आणि लवकर निवतंही, त्यामुळे हात संथ असला की डाय थंड पडते. भराभर ओत म्हणालो, काम झालं. ही गोष्ट बाहेर पडल्यावर आपल्याकडूनही एकदोन फोन आले, गोळ्यांची डाय करून द्याल का म्हणून. नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. हौस म्हणून कोणी करत असेल तर त्याला आमच्याकडून डायही नाही आणि सल्लाही नाही.

सीमेवरचा धंदा म्हणजे कागद आलेच. गिऱ्हाईक महाराष्ट्रात आणि गोव्यात, आम्ही कर्नाटकात. परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून गिऱ्हाइकाकडून सी फॉर्म घ्यावा लागे, तो मागून मागून जीव जायचा. 2017 मध्ये जीएसटी आला आणि ते एक संपलं. 2020 च्या लॉकडाउननंतर महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर माणसं अडायची तेव्हा डाय ट्रान्सपोर्टनं यायच्या आणि आम्ही फोनवर बोलायचो. तेव्हापासून आम्ही नियम केला की डायबरोबर खराब नग पाठवायचेच. नग बघितला की बहुतेक आजार तिथेच कळतो.

शेडमध्ये भट्टीजवळ चहा चालत नाही. शिसं पोटात जातं ते जास्त करून हातावाटे, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि पोरांना आत घ्यायचं नाही. पळी आणि डाय कोरडी आहे याची खात्री झाल्याशिवाय कढईकडे न्यायची नाही. पाण्याचा थेंब शिशाखाली गेला की वाफ होऊन शिसं उसळतं, आणि ते तोंडावर येतं.

तर डाय पाठवणार असाल तर धुऊ नका, घासू नका, आहे तशी पाठवा. सोबत तीनचार खराब नग आणि ज्या शिशाचे ते ओतले त्याचा तुकडा द्या. बघणावळ आधी सांगितली जाईल. डाय चांगली निघाली तरी ती द्यावी लागते.