वेळेवर न उठणारा कोअर

पुण्यात बाणेरच्या आमच्या कार्यालयात चार कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-एककांच्या) एका आर्म बोर्डावर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालवताना एका दोषाने मला बरेच दिवस अडवून ठेवले होते. बोर्डावर काम असताना सारे सुरळीत चाले. पण बोर्ड शांत झाला, की एका सेकंदासाठी झोपलेला प्रोग्राम कधी कधी दहा-बारा सेकंदांनी जागा होई आणि बोर्डाशी तारेने जोडलेल्या सिरियल कन्सोलवर एखादी कळ दाबली, तर मात्र तत्काळ उठे.

मी आधी कर्नलमध्ये जागोजागी संदेश छापून पाहिले, तर दोषच दिसेनासा झाला, कारण सिरियलवर छापण्याच्या कामामुळे कोअर गाढ झोपेत, म्हणजे वीज तुटलेल्या अवस्थेत, जातच नव्हता. जेटॅग डिबगर, म्हणजे चिप आतून तपासणारे बाहेरचे उपकरण, जोडल्यावरही तेच झाले. तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, डिबगर जोडलेला असताना त्या कोअरची वीज खरोखर तुटते का, ते आधी पाहा." ती तुटत नव्हती, डिबगरच ती चालू ठेवत होता.

मग सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलची माहिती व सेटिंग्ज दाखवणाऱ्या फाइलींमधून, सुरुवात केली. आमच्याकडे कोअरच्या झोपेच्या दोन पातळ्या होत्या: स्टेट ० म्हणजे केवळ इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) वाट पाहणे आणि स्टेट १ म्हणजे पीएससीआय या फर्मवेअर-इंटरफेसमार्फत कोअरची वीज तोडणे. चारही कोअरवर स्टेट १ बंद करताच अडचण नाहीशी झाली. स्टेट १ पुन्हा चालू करून एफट्रेस या कर्नलच्या नोंदयंत्रणेत नोंदी घेतल्या, कारण त्या मेमरीतच साठतात आणि कोअरची झोप फारशी मोडत नाहीत. झोपेत शिरल्याची नोंद १ अशी होती. बाहेर पडल्याची नोंद ४२९४९६७२९५ अशी दिसते, म्हणजे चिन्हाविना छापलेला उणे एक, आणि ती कित्येक सेकंद उशिरा येत होती.

गाढ झोपेत कोअरचा स्वतःचा टायमरही बंद पडतो, म्हणून कर्नल झोपण्यापूर्वी पुढचा गजर ब्रॉडकास्ट टायमरकडे, म्हणजे झोपेतही चालू राहणाऱ्या सामाईक टायमरकडे, सोपवतो. त्यासाठी डिव्हाइस ट्रीतील (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीतील) आयडल स्टेटच्या, म्हणजे झोपेच्या पातळीच्या, नोडमध्ये 'लोकल-टायमर-स्टॉप' हवे. ते आमच्याकडे होते, म्हणूनच मी हा संशय बाजूला ठेवला आणि दोन दिवस गमावले. अखेर ब्रॉडकास्टचा कोड ओळीओळीने वाचताना दिसले, की टायमरवरच 'सी३स्टॉप' हा फ्लॅग (गाढ झोपेत टायमर थांबतो, अशी खूण) नसेल, तर गजर सोपवण्याची पायरी कोणतीही चूक न दाखवता वगळली जाते. तो फ्लॅग नव्हता, कारण टायमरच्या नोडमध्ये 'ऑलवेज-ऑन', म्हणजे टायमर कधीच थांबत नाही, असे लिहिलेले होते. व्हर्चुअल मशीनसाठी (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकासाठी) योग्य असलेली ती ओळ तशा मशीनच्या फाइलीतूनच आमच्या फाइलमध्ये आली होती.

ती एक ओळ काढली आणि शनिवार-रविवार चाचणी चालू ठेवली. सोमवारी सकाळी नोंदी तपासल्या, तेव्हा चारही कोअर स्टेट १ मध्ये वारंवार गेले होते आणि एकही गजर चुकलेला नव्हता.